मशीनमध्ये दोष नाही

आश्विन लागला की लोकांना झेंडूचा वास येतो, मला स्पिरिटचा येतो. डोंबिवलीच्या बाजारात झेंडूचे ढीग पडलेले असतात, घासाघीस चाललेली असते, आणि मी पिशवी धरून उभी असताना नाकात एकदम तो थंड, चुरचुरीत वास शिरतो. मग घाम येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाचं कुणाला काय नवल! पण माझा घाम उन्हाचा नसतो, हे मला माहीत असतं.

आमच्या घरी खंडेनवमीला पूजा व्हायची ती बाबांच्या टेपरेकॉर्डरची. मोठ्या रिळांचा टेपरेकॉर्डर. कॅसेटचा नव्हे, त्या नंतर आल्या. डावीकडे भरलेलं रीळ, उजवीकडे रिकामं, मधून तपकिरी फीत सरकायची. बाबा ठाण्यातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. कुणीतरी मोडीत काढलेलं हे धूड त्यांनी घरी आणलं, सहा महिने उघडून बसले आणि बोलतं केलं. आई म्हणायची, "माझ्या दोन सवती आहेत. एक कारखाना आणि एक हे खोकं."

नवमीला सकाळी बाबा सोवळ्यात नव्हे, बनियनवर पूजेला बसायचे. पूजा नंतर, आधी साफसफाई. काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि फीत जिथे घासून जाते ती हेडं पुसायची. कापूस तपकिरी व्हायचा. फितीवरचा गंज तो, वर्षभराचा. मग फितीला ओढून नेणारं रबरी चाक नुसत्या ओल्या फडक्यानं. "रबराला तेल लागलं की संपलं शोभे, चाक घसरतं आणि गाणारा माणूस दारू प्यायल्यासारखा गातो." शेवटी मोटारीला तेलाचे दोन थेंब. तिसरा नाही. माझं काम बॅटरी धरायचं. डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख असायची, तरी बाबा म्हणायचे, "शोभे, बॅटरी धर." मग हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ. त्या दिवशी मशीनला विश्रांती. हत्यारं पुजली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. आणि पूजेच्या वेळी मशीन रिकामं ठेवायचं नाही, बाबांना सगळ्यांत मोलाचं वाटतं ते रीळ त्यावर चढवायचं.

मी सतरा वर्षांची होते त्या आश्विनात त्यावर चढवलेलं रीळ होतं गणपतकाकांच्या आईच्या धवल्यांचं.

गणपतकाका बाबांच्या पाळीतले. गाव कल्याण-शीळ रस्त्याला, तेव्हा तिकडे दोन्ही बाजूंना नुसती भातशेती. त्यांची आई धवलारीण. आगरी लग्नात भटजीच्या आधी मान तिचा. ती हळदीला, मांडवाला धवले गाते आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. त्या वैशाखात गणपतकाकांच्या धाकट्या बहिणीचं, मंजुळाचं लग्न होतं. बाबा आमचं खोकं गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून तिकडे घेऊन गेले आणि दिवसभर म्हातारीसमोर माइक धरून बसले. श्रावणात म्हातारी गेली. तेव्हा बाबा गणपतकाकांना म्हणाले, "आवाज आहे माझ्याकडे. दसऱ्यानंतरच्या रविवारी सगळे या. आईला ऐकू." पूजेला तेच रीळ चढवलं त्याचं कारण हे.

आता माझं सांगते. आमच्या मंडळाच्या नवरात्रात दसऱ्याच्या संध्याकाळी वक्तृत्व स्पर्धा असायची. मी बोलण्यात पटाईत. स्वतःला फार समजायचे. आईबाबा दुपारी सोनं द्यायला ठाण्याला मोठ्या काकांकडे गेले आणि मला वाटलं, आपलं भाषण एकदा मशीनमध्ये भरून ऐकावं, उच्चार कुठे घसरतात ते कळेल. माळ बाजूला काढली. कळ दाबली. म्हातारीचा आवाज आला.

हे मला चाळीस-पंचेचाळीस वर्षं कुणालाही सांगता आलं नाही, ते इथेच सांगून टाकते. मी तो आवाज ऐकला. चुकून नव्हे, न कळता नव्हे. आधी बाबांचा आवाज होता. ते प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला आकाशवाणीच्या थाटात कोण गातंय, कुठलं गाव ते सांगायचे. मग ती. खरखरीत, उंच, एका दमात ओढत नेलेला सूर. ती लग्नाला आवतण देत होती, एकेका देवाला, मग डोंगराला, मग खाडीला, नावं घेऊन. मी जेमतेम मिनिटभर ऐकलं आणि नाक मुरडलं. आमच्या घरात 'आनि-पानी' म्हणणाऱ्याला हसायची पद्धत होती. बाबांची नाही, माझी आणि आईची. मला वाटलं, ह्यॅ, हे असलं काय. दुसरं रीळ शोधायला कपाट उघडावं लागलं असतं. मी फीत मागे घेतली आणि दोन्ही कळा दाबल्या.

दोन कळा. हे समजून घ्या. नुसती लाल कळ दाबली तर ती लगेच वर येते. नुसती पांढरी दाबली तर मशीन वाजतं. आवाज भरायचा असेल तर दोन्ही एकदम, दोन बोटांनी. आणि नवीन आवाज भरताना मशीन आधीचा आपोआप पुसत जातं. बाबांनीच शिकवलं होतं मला, मी दहा वर्षांची असताना.

तीन वेळा भाषण भरलं. ऐकलं. खूश झाले. मग रविवार आठवला. आता फितीवर माझं भाषण आणि ते संपलं की मधूनच म्हातारी, म्हणजे चोरी उघडी. मी माइकची वायर काढली, दोन्ही कळा पुन्हा दाबल्या आणि अख्खं रीळ शेवटपर्यंत मुकं जाऊ दिलं. सगळंच कोरं असेल तर दोष मशीनवर जाईल. सतरा वर्षांच्या पोरीला हे इतकं व्यवस्थित सुचलं, याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. म्हातारी गात गात पुसली जात होती तो पाऊण तास मी आरशासमोर वेणी घालत होते. मग फीत मागे घेतली, झेंडूची माळ होती तशी ठेवली आणि स्पर्धेला गेले. दुसरा नंबर आला. स्टीलचा डबा मिळाला.

रविवारी गणपतकाका आले. मंजुळा आली नवऱ्यासोबत, हिरव्या लुगड्यात, वीसेक वर्षांची. एक चुलती आली. नव्या भाताचे पोहे आणले होते त्यांनी, अजून उबदार. सतरंजीवर सगळे मांडी घालून बसले. मंजुळानं डोक्यावर पदर घेतला, समोर आई येणार म्हणून. बाबांनी कळ दाबली. रिळं फिरायला लागली.

नुसती सूं.

बाबांनी आवाज वाढवला. मोठी सूं. दुसरं रीळ लावलं, ते वाजलं. पुन्हा हे लावलं. सूं. मग ते सगळ्यांसमोर मशीन उघडून बसले. स्क्रू एका बशीत. मला म्हणाले, "शोभे, बॅटरी धर." हेडं पुसली, वायरी हलवून पाहिल्या, चाक पाहिलं, फीत उजेडात धरून पाहिली. दीड-दोन तास. कुणी हललं नाही. मंजुळाचा पदर डोक्यावर तसाच. बाबांनी मान वर न करता विचारलं, "शोभे, तू हात लावला होतास का गं?"

"नाही," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले असते तर बरं. लाल कळेच्या कडेला कुंकू सांडलेलं दिसत होतं, पूजेचं. मी म्हटलं, "बाबा, हळदकुंकू आत गेलं असेल. कळ अडकली असेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "असेल." आणि गणपतकाकांकडे वळून हात जोडले. "माझ्या हातून पुसलं गेलं रे. पूजा करायला गेलो आणि आई घालवली."

गणपतकाकांनी त्यांचे हात धरले. "जाव दे दादा. तुमी कशाला हात जोरताव? हलदीकुकवाला काय दोस देनार?" चुलती मात्र उठताना म्हणाली, "देवीचं गानं खोक्यात कोंडलं. देवीनं मागं घेतलं." मंजुळानं डोक्यावरचा पदर काढला आणि माझ्या आईकडे पोह्यांचं पातेलं रिकामं करून मागितलं. मी ते धुऊन दिलं.

मी पुढे शिक्षिका झाले. बत्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं. बोलीभाषेचा धडा आला की घसा खाकरायचे.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मशीन माझ्याकडे आलं आणि माळ्यावर गेलं. कुणी विचारलं की मी सांगायचे, "बिघडलंय ते." बिघडलेलं नव्हतं तेव्हाही हेच सांगायचे.

यंदा नवरात्राच्या आधी एक मुलगी दारात आली. जीन्स, कपाळावर चंद्रकोर, हातात हेल्मेट. "काकू, मी साक्षी. गणपत म्हणजे माझे आजोबा. तुमच्या बाबांसोबत कामाला होते बघा." गणपतकाका गेल्याचं तिच्याकडूनच कळलं. ती आता घोडबंदर रोडला राहते, बाविसाव्या मजल्यावर. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न. "हळदीला मंजुळाआत्याचे, पप्पांच्या आत्याचे, धवले पाहिजेत मला. म्हणजे पणजीचेच ते, तिला सगळे येतात. आता तीच एक राहिलीय आमच्यात. गाते ओ ती, पण रेकॉर्ड नाय करू देत. मी मोबाइल काढलेला, तर उठून गेली. बोलते, यंत्र गाणं गिळतं. माझ्या आयशीचं गिळलं त्या डोंबिवलीच्या मशीननं."

ती हसत सांगत होती. मी चहा गाळत होते, तो ओट्यावर सांडला.

"आणि फक्त आत्याच नाय काकू. आमच्या गावात कुणीच धवलारणीनं कधी भरू दिलं नाही. मागे एक सर आले होते कॉलेजचे, मशीन घेऊन. बायांनी हाकलला त्यांना. आता त्या सगळ्या गेल्या." मग जरा चाचरत म्हणाली, "तुमचं ते मशीन चालतं का? आत्याला दाखवलं असतं, की बघ, साधं मशीन आहे, भूत नाय."

म्हणजे मी एक रीळ पुसलं होतं असं मी समजत होते. एका म्हातारीचं. आता कळलं की माझ्या एका वाक्यानं अख्ख्या गावाचं पुसलं. हळदकुंकू आत गेलं असेल. तेवढंच बोलले होते मी. बोलण्यात पटाईत ना.

तेव्हाच सांगायला हवं होतं साक्षीला. मी काय म्हटलं? "बिघडलंय गं. बघते दुरुस्त होतं का." खोड जात नाही माणसाची.

मग बसले दुरुस्त करत. पाठ दुखते, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी बसले. मोटारीपासून चाकापर्यंत जाणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. तो रॉकेल लावून खरवडला, दोन दिवस नखं काळी. नवा पट्टा मुलानं ऑनलाइन मागवून दिला. एक वायर उंदरानं खाल्लेली, ती जोडली. लावून पाहिलं तर मोटार गुणगुणते आणि रिळं ढिम्म. तेल सुकून गोंद झालेलं. ते पुसलं, दोन थेंब घातले, तिसरा नाही. फिरलं. बाबांचं एक जुनं रीळ लावलं तर त्यांचा आवाज जड, रडवेला, मध्येच घसरणारा. रबरी चाक गुळगुळीत झालं होतं, ते बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासलं. मग बाबा नीट बोलले. कोण गातंय, कुठलं गाव. मी डोळे पुसले आणि पुन्हा हेडं पुसायला घेतली.

लाल कळ मी मुद्दाम तपासली. दाबली, वर आली. दाबली, वर आली. तिची स्प्रिंग पाहावी म्हणून मागचा पत्रा काढला, जो बाबांशिवाय कुणी काढला नव्हता. पत्र्याच्या आतल्या बाजूला एक पुठ्ठा चिकटवलेला होता. बाबांचं बारीक अक्षर. प्रत्येक खंडेनवमीची एक ओळ. हेड पुसले, रबर पुसलं, तेल दोन थेंब. वर्षामागून वर्ष. त्या वर्षाच्या ओळीखाली पेन्सिलीनं वेगळं लिहिलं होतं: "रविवारी पूर्ण उघडून पाहिलं. मशीनमध्ये दोष नाही. शोभा सांगेल."

मी तो पत्रा मांडीवर घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. कुकरच्या शिट्या झाल्या, मुलानं येऊन गॅस बंद केला.

शोभा सांगेल. बाबा त्यानंतर सव्वीस वर्षं जगले. सव्वीस नवम्या. लग्न झाल्यावरही ते मला निरोप पाठवायचे, नवमीला ये, बॅटरी धरायला कुणी नाही. मी जायचे, कुरकुरत. ट्यूबलाइटखाली अर्धा तास बॅटरी धरून बसायचे. बाबा काही विचारायचे नाहीत. हळूहळू पुसत राहायचे, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मी शाळेच्या गप्पा मारायचे, मुख्याध्यापिकेच्या, भाज्यांच्या भावाच्या. शेवटच्या वर्षी त्यांचा हात थरथरत होता, कापूस काडीवर राहत नव्हता. तेव्हाही "शोभे, बॅटरी धर" म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, कशाला आता हे, टाकून द्या." त्यांनी मान हलवली आणि पुसत राहिले. सांगितलं नाही मी. नाही सांगितलं.

खंडेनवमीच्या सकाळी साक्षीला फोन केला. म्हटलं, मशीन चालतंय, गाडी घेऊन ये. मला आत्याकडे यायचंय. घरचा नियम मोडून नवमीला हत्यार हलवलं. मोडलेल्या नियमांत एकाची भर.

मंजुळाआत्या गावातच राहते, जुन्याच घरात. आजूबाजूला टॉवर उठलेत, मधे ते कौलारू घर आणि दारात तुळस. मागे थोडं भात उरलंय, पिवळं पडलेलं, कापणीला आलेलं. आत्या ओट्यावर बसली होती. पासष्टीची बाई, ताठ. मी ओळखलं. साक्षीनं मशीन ओट्यावर ठेवलं तशी ती जरा मागे सरकली.

"आत्या, या शोभाकाकू. डोंबिवलीच्या. त्यांच्या बाबांचं हे—"

"वलखते," ती म्हणाली. "बॅटरी धरलीवती."

मी भाषण तयार करून आले होते. साक्षीच्या गाडीत मनात घोकत आले होते. एक शब्द आठवला नाही. मी सरळ म्हटलं, "आत्या, मशीननं काही गिळलं नाही. देवीनंही नाही. मी पुसलं. तुमच्या आईचा आवाज मी ऐकला होता, आणि ऐकून पुसला. मग हळदकुंकू आत गेलं म्हणून खोटं बोलले, त्यानं काही होत नाही. बाबांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं."

साक्षी माझ्याकडे बघत राहिली. मागे भातावर पाखरं उतरली होती, आत्यानं सवयीनं एकदा हाकारलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"कशाला पुसलास?"

"भाषण भरायचं होतं. स्पर्धेचं."

"आईच्या जागी काय बोललीस तू?"

हे कुणी कधी विचारेल असं वाटलं नव्हतं. "श्रमाची प्रतिष्ठा," मी म्हटलं.

"म्हंजे काय गो?"

चिखलात भात लावून, कापून, झोडून ज्या बाईचं आयुष्य गेलं तिला मला सांगावं लागलं. "म्हणजे... मेहनत करणाऱ्या माणसाला मान द्यावा. असं."

आत्यानं तोंडातल्या तोंडात तो शब्द म्हणून पाहिला. "मंग? मिलाला का इनाम?"

"दुसरा नंबर."

ती हसली नाही, रागावलीही नाही. तसं काही केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाली, "मी पोटुशी होते तवा. मना वाटलं, मी पदर घेवाला उशीर केला म्हून आई बोलली नाय." एवढी वर्षं. तिनंही स्वतःवरच घेतलं होतं. मी खाली बघितलं. माझ्या नखांत अजून डांबर होतं.

आत्या उठून आत गेली. साक्षी कुजबुजली, "काकू, आपण जाऊ या का?" मी म्हटलं, थांब. हाकलायचं असेल तर तिला नीट हाकलू दे.

ती बाहेर आली ती हळदकुंकवाची कुयरी घेऊन. मशीनसमोर बसली. लाल कळेवर, पांढऱ्या कळेवर, दोन्ही रिळांवर बोट टेकवलं, चिमूट चिमूट. कुंकू कडेला सांडलं. मी पुसायला हात पुढे केला.

"र्‍हाव दे," ती म्हणाली. "त्यानं काय व्हत नाय, तूच बोललीस ना."

मग विचारलं, "आईचं रील हाय?" मी पिशवीतून काढून दिलं. तिनं ते दोन्ही हातांत धरलं, उलटसुलट पाहिलं, माझ्याकडे परत दिलं. "यालाच लाव. तिच्या जागेला गाते."

मी फीत ओवली. दोन बोटं दोन कळांवर ठेवली आणि दाबली. रिळं फिरायला लागली. बाबा सांगायचे तसं सांगितलं, कोण गातंय, कुठलं गाव, कोणाची मुलगी. आणि पुढे म्हटलं, "या रिळावर आधी त्यांच्या आईचा आवाज होता. तो शोभानं पुसला. मशीनमध्ये दोष नव्हता." अजून काही बोलायचं होतं. माफी, बाबा, बरंच काही. मी श्वास घेतला.

"झालं तुझं?" मंजुळाआत्यानं डोक्यावर पदर घेतला. "आता गप र्‍हा."

मी गप्प बसले.